अकरा मिनिटांचा खाडा

फोन वाजला तेव्हा तपासनीसबाई एक पेनड्राइव्ह भट्टीत भाजत होत्या. सत्तर अंश, चार तास. उन्हात उभ्या मोटारीत विसरलेला पेनड्राइव्ह किती सोसतो, हे कुणीतरी बघायला हवं आणि त्या कामाचे बाईंना पैसे मिळत.

"बाई, आमची अकरा मिनिटं चोरीला गेलीत," पलीकडून रुग्णालयाचे अधीक्षक म्हणाले.

"कशाची?"

"शस्त्रक्रियेच्या चित्रीकरणाची. चोर सापडलाय. त्यानं चोरी कशी केली तेवढं तुम्ही लेखी द्या. सोमवारी अकराला समिती बसतेय."

आधी चोर आणि मग चोरी, हा क्रम बाईंना नवा नव्हता. मोठ्या संस्थांत तोच चालतो, वेळ वाचतो.

"ड्राइव्ह तपासल्या?"

"त्यांच्यावर कसला संशय? तुमच्याच प्रमाणपत्राच्या आहेत. तुमची सही बघूनच तर आम्ही बारा घेतल्या."

बाईंनी भट्टी बंद केली. गुरुवार होता. सोमवारच्या आधी मधले तीन दिवस होते.

*

चित्रणकक्ष म्हणजे शस्त्रक्रियागृहाला लागून काचेआडची एक अरुंद खोली. चार कॅमेऱ्यांचे चार पडदे, खाली रेकॉर्डर, त्यात काडेपेटीहून थोडी मोठी चपटी एसएसडी ड्राइव्ह. विद्यार्थ्यांना शिकवायला म्हणून प्रत्येक शस्त्रक्रियेचं चित्रण व्हायचं. विद्यार्थी ते कधी बघत नसत, पण चित्रण नियमित होई.

गळ्याची शस्त्रक्रिया होती. रुग्ण चाळीस वर्षं लिलाव पुकारणारा माणूस. गाठ निघाली, जखम भरली, पण आवाज गेला. शस्त्रक्रियेत आवाजाची नस दुखावली असणार. कशी, ते बघायला त्याच्या मुलीनं चित्रण मागवलं, तर दहा बावन्न ते अकरा तीन एवढा काळ त्यात नव्हताच. नेमकी गाठ सोडवण्याची वेळ.

ती मुलगी कक्षाबाहेर बाकावर बसली होती. शिवणकाम करणारी. दंडाला अजून टाचण्यांची गादी बांधलेली.

"तुम्ही कुणाच्या बाजूनं आलात?" तिनं विचारलं.

"मी ड्राइव्हच्या बाजूची."

"बरंय. कुणाला तरी कुणीतरी आहे." तिनं मान फिरवली. "बाबा आता पाटीवर लिहून बोलतात. काल लिहिलं, भाजीवाला ठकवतोय, तू ओरड."

आत चित्रणवाला उभा होता. पस्तिशीचा. त्याला सगळे गप्प्या म्हणत. तो गप्पा मारत नसे, म्हणून.

"तुम्ही बटण दाबलंत?" बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग चित्रण थांबलं कसं?"

"दिवा लालचा पिवळा झाला. मग परत लाल."

"पिवळा म्हणजे?"

"यंत्र थांबलंय."

"कुणाला सांगितलं नाहीत?"

गप्प्यानं भिंतीकडे बोट केलं. काचेत मढवलेली सूचना होती. *शस्त्रक्रिया चालू असताना चित्रणवाल्याने बोलू नये.* खाली अधीक्षकांची सही.

"नंतर सांगायचं."

"नंतर लिहिलं."

त्यानं नोंदवही पुढे केली. शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात एक शब्द होता. *पिवळा.* बाईंनी पानं उलटली. आठ महिन्यांत तेवीस वेळा *पिवळा*. प्रत्येक पानाखाली अधीक्षकांची सही होती, वळणदार, वाचल्याचा कसलाही पुरावा मागे न ठेवणारी.

"हेच तर मी म्हणतोय," अधीक्षक मागून म्हणाले. "तेवीसच्या तेवीस वेळा याचीच पाळी. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. सोमवार ते बुधवार माझा भाचा असतो, त्याचा एक खाडा दाखवा. शल्यविशारदांनी याला हाताशी धरलं, नाहीतर यानं कुणाकडून तरी पैसे खाल्ले."

"तेवीस वेळा खाल्ले?"

"भूक असते एकेकाची."

बाईंनी यंत्राची आतली नोंद उघडली. थांबलं, सुरू झालं, एवढंच तिथे होतं. बटण दाबलं तरी तेच दोन शब्द उमटत. पण तेवीसही खाडे अकरा मिनिटांचे होते. ना दहा, ना बारा.

"ड्राइव्ह रिकामी कधी करता?"

"शनिवारी संध्याकाळी," गप्प्या म्हणाला. "आठवड्याचं सगळं मोठ्या साठवणीत घालतो. सोमवारी कोरी."

त्या दिवशी वापरलेली ड्राइव्ह बाईंनी पाकिटात घातली. निघताना गप्प्या आपणहून एकच वाक्य बोलला. "बायकोला अजून सांगितलं नाहीये. सोमवारनंतर सांगेन, काय ते."

*

बाईंच्या प्रयोगशाळेत कपाटभर नमुने होते. प्रमाणपत्र दिलेल्या प्रत्येक मालाचा एक नमुना त्या राखून ठेवत. या ड्राइव्हचे तीन होते. एक मूळ तपासणीचा, दोन वार्षिक फेरतपासणीचे. शुक्रवारी सकाळी त्यांनी त्यातला सर्वांत नवा यंत्राला लावला आणि काठोकाठ भरेपर्यंत चार कॅमेऱ्यांच्या वेगानं लिहीत ठेवला. दुपार झाली. ड्राइव्ह एकदाही अडखळली नाही.

बाईंना हायसं वाटलं. आपली सही खरी ठरली. दुसऱ्याच क्षणी त्या हायसं वाटण्याची त्यांना लाज वाटली, कारण याचा सरळ अर्थ गप्प्या खोटं बोलतोय असा होता.

त्यांनी भाऊजींना फोन केला. थोरल्या बहिणीचा नवरा ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीत गुणवत्ताप्रमुख होता. हा धंदा बाईंना शिकवला तोही त्यांनीच. वीस वर्षांपूर्वी बाईंचे वडील गेले तेव्हा भाऊजींनी धाकट्या मेहुणीच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला होता आणि म्हटलं होतं, लोक बोलतात त्यापेक्षा वस्तू खरं बोलतात.

शनिवारी दुपारी भाऊजी स्वतः आले. ताईनं दिलेला डबा टेबलावर ठेवला आणि खुर्चीत ऐसपैस बसले.

"काय गं, आमच्या लेकराला न्यायालयात उभं करतेस म्हणे?"

"लेकरू निर्दोष आहे. कालच तपासलं."

"मग? तो पोरगा कबूल का करत नाही? एकदा लिहून घ्या, प्रकरण मिटवा."

"तो नाही म्हणतोय."

"सगळे चोर नाहीच म्हणतात. नाहीतर पुरवठादारानं नकली माल गळ्यात मारला असेल. ते बघ." भाऊजींनी खिशातून बंद पुडकं काढलं. "हा घे. या वर्षीच्या फेरतपासणीचा नमुना. गेल्याच महिन्यात बनलेला. म्हटलं येतोच आहे तर हातोहात देतो. दरवर्षी देतोच की. कुरिअरवाले आदळआपट करतात."

बाईंनी पुडकं फोडलं, ड्राइव्ह नाजूक काट्यावर ठेवली आणि तक्त्याच्या वजनाच्या रकान्यात लिहिलं, अठ्ठावन्न ग्रॅम.

भाऊजी हसले. "अजून तुझं ते वजन आहेच का? लोक वेग बघतात, तापमान बघतात. ही बाई ड्राइव्ह तोलते. सोनार व्हायचीस तू."

"रकाना आहे, तो भरायचा."

"तो रकाना कुणी वाचलाय आजपर्यंत?"

"कुणी नाही."

डबा उघडला गेला, चहा झाला, ताईच्या गुडघेदुखीची चौकशी झाली. दारात चपला घालता घालता भाऊजी मायेनं म्हणाले, "आणि त्या रुग्णालयाला सांग, ड्राइव्ह निम्म्याच्या वर भरू देऊ नका म्हणावं. रोजच्या रोज रिकामी करा. म्हणजे पुन्हा ही कटकट नको."

"सांगते."

दार लावून बाई टेबलाशी आल्या. मग पाकिटातली रुग्णालयाची ड्राइव्ह काढली. रिकामी करून तिच्यावर लिहून बघायची सोय नव्हती, तो पुरावा होता. पण रकाना होता. त्यांनी ती काट्यावर ठेवली.

चव्वेचाळीस ग्रॅम.

काटा पुसला, पुन्हा ठेवली. चव्वेचाळीस.

रविवारी बाईंनी केस वाळवायचं यंत्र काढलं. केस कोरडेच होते. भाऊजींनी दिलेल्या नव्या नमुन्याच्या लेबलवर त्यांनी पंधरा मिनिटं गरम हवा सोडली आणि चिमट्यानं एक कोपरा उचलला. मग कपाटातले दोन जुने नमुनेही काढले. दुपारी ताईचा फोन आला, जेवलीस का म्हणून. बाई हो म्हणाल्या. जेवल्या नव्हत्या.

*

सोमवारी अकराला समिती बसली. लांब टेबल, पाण्याचे पेले, कुणी न उघडलेल्या फायली. अधीक्षक मध्ये, शल्यविशारद डावीकडे, लिलाववाल्याची मुलगी दाराशी. गप्प्या उभा. खुर्ची रिकामी होती, पण त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. कंपनीचे प्रतिनिधी म्हणून भाऊजींनाही बोलावलं होतं. बाईंनीच. ते घरच्यासारखे बसले होते.

"तर बाई," अधीक्षक म्हणाले, "यानं कसं केलं?"

"यानं काही केलं नाही."

अधीक्षकांनी पेला उचलला आणि पाणी न पिता खाली ठेवला.

"तेवीस खाडे, सगळे बरोब्बर अकरा मिनिटांचे," बाई म्हणाल्या. "माणूस इतकं नेमकं चोरत नाही. माणूस घाबरतो, घाई करतो. अकरा मिनिटं हा तुमच्या रेकॉर्डरचा नियम आहे, त्याच्या पुस्तिकेत छापलेला. ड्राइव्हनं माल घ्यायला नकार दिला की तो थांबतो. दहा मिनिटं वाट बघतो, एक मिनिट तपासतो, मग पुन्हा सुरू होतो."

"पण याच्याच पाळीत?"

"कारण याची पाळी आठवड्याच्या शेवटी येते. सोमवारी ड्राइव्ह कोरी असते, शुक्रवारी भरत आलेली. तुमच्या भाच्याला गुरुवारी उभा करा, त्याच्याही हातून चोरी होईल."

"ड्राइव्ह नकार का देईल?" शल्यविशारदांनी विचारलं. "तुम्हीच तर ती उत्तम म्हणून लिहून दिलंय."

"मी जी तपासली ती उत्तमच होती. समजा, एक घर आहे. पाहुणे आधी बैठकीत बसतात, मग सवडीनं आतल्या खोल्यांत जातात. मूळच्या ड्राइव्हमध्ये आतल्या खोल्याही चांगल्या होत्या, पाहुणे कितीही आले तरी भराभर सामावत. तुमच्या ड्राइव्हमध्ये आत स्वस्तातल्या अंधाऱ्या कोठड्या आहेत. एकेकाला आत न्यायला वेळ लागतो. त्यातून घर भरत गेलं की बैठकही आखडते. मग पाहुण्यांना दारात उभं करावं लागतं. पिवळा दिवा म्हणजे दारात उभे केलेले पाहुणे."

"म्हणजे नकली माल," भाऊजी शांतपणे म्हणाले. "मी शनिवारीच म्हटलं होतं."

"हो, म्हटलं होतं. म्हणून मी आज सकाळी इथली दुसरी ड्राइव्ह अधीक्षकांसमोर उघडली." बाईंनी दोन उघडलेल्या ड्राइव्ह टेबलावर ठेवल्या. "ही माझ्या कपाटातली. आतली सर्किटची पट्टी टोकापासून टोकापर्यंत, आठ चिपा. ही इथली. पट्टी अर्धी, चिपा दोन, बाकी मोकळी हवा. बडा घर, पोकळ वासा. बाहेरून नाव तेच, क्रमांक तोच, खोका तोच. चौदा ग्रॅम कमी. दोन्ही पट्ट्यांवर तुमच्याच कारखान्याचा छाप आहे. आणि तुमच्या कंपनीनं आज साडेनऊला या ड्राइव्हची हमी फोनवर मान्य केली. नकलीची हमी कुणी देत नाही."

भाऊजींनी घसा साफ केला. "हे बघ, बाजारात चिपांची टंचाई होती. घटक बदलतात. माहितीपत्रकात शेवटच्या ओळीत तसं छापलेलं असतं. सगळेच करतात. यात बेकायदा काय?"

"कायद्याचं मला कळत नाही. पण मग माझ्या कपाटातली प्रत्येक ड्राइव्ह अठ्ठावन्न ग्रॅमची कशी? दरवर्षी फेरतपासणी. बाजारात माल बदलला, माझ्याकडे बदलला नाही."

"जुना साठा असेल. चुकून आला."

"तुम्ही म्हणालात, गेल्या महिन्यात बनलेली."

"लेबलवर तसंच आहे."

"वरच्या लेबलवर." बाईंनी पाकिटातून शनिवारचा नमुना काढला. कोपरा उचललेलाच होता. त्यांनी लेबल पूर्ण सोलून काढलं. खाली दुसरं लेबल होतं. तारीख तीन वर्षांपूर्वीची.



"कारखान्यात ड्राइव्हला दोन लेबलं लागत नाहीत," बाई म्हणाल्या. "हे कुणीतरी बसून, काळजीपूर्वक, कडा जुळवून लावलंय. दोन्ही जुन्या नमुन्यांनाही असंच आहे. काल बघितलं. आणि हे नमुने कुरिअरनं येत नाहीत. ते एकच माणूस हातोहात आणून देतो."

सगळ्यांच्या माना भाऊजींकडे वळल्या.

"तरीही मी रविवारभर स्वतःला समजावत होते, की यांना वरून मिळाले, यांनी आणून दिले, यांना माहीत नसेल. पण दारात तुम्ही मला एक सल्ला दिलात, भाऊजी. ड्राइव्ह निम्म्याच्या वर भरू देऊ नका. चोर माणूस असेल, तर ड्राइव्ह रिकामी ठेवून काय फरक पडतो? ड्राइव्ह भरली की अडते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. अधीक्षकांनाही नाही. तुम्हाला होतं. आणि ते ठाऊक असताना तुम्ही मला म्हणालात, या माणसाकडून कबुली लिहून घे."

भाऊजी टेबलावर पुढे वाकले. मग फक्त मेहुणीला ऐकू जावं अशा आवाजात बोलले, तो मात्र सगळ्यांना ऐकू गेला.

"बदललेल्या मालाला नवं नाव द्यायचं तर नवी तपासणी, नवं प्रमाणपत्र. तू नापास केलं असतंस. मला माहीत होतं तू नापास करशील. म्हणून... तुझ्या ताईचा तरी विचार करायचास."

"मी नापास केलं असतं म्हणून मला चांगल्या दाखवल्यात."

"हो."

"म्हणजे माझी सही विकत घेता येत नाही हे माहीत होतं, म्हणून फुकटात नेलीत."

 भाऊजींनी पेन खिशाला लावलं, उठले. दाराशी त्या मुलीनं वाट द्यायला हवी होती. तिनं ती दिली नाही. ते अंग चोरून गेले.

अधीक्षकांनी फाईल ओढली. "म्हणजे यंत्राचा दोष. प्रकरण संपलं. चित्रणवाल्यांवर ठपका नाही." शल्यविशारदांनी सुस्कारा सोडला. तो जरा मोठा झाला.

"माझं संपलेलं नाही," मुलगी म्हणाली. "ती अकरा मिनिटं आता परत काढता येतील?"

"नाही," बाई म्हणाल्या. "ती पुसली गेलेली नाहीत, लिहिलीच गेली नाहीत. जे लिहिलंच नाही ते मला काढता येत नाही."

"तुमच्या सहीवर घेतल्या होत्या ना या?"

"हो."

"खोटी होती का सही?"

"खरी होती. खोटी असती तर पहिल्याच वर्षी पकडली गेली असती."

 मुलगी गप्प्याकडे वळली. "यंत्र थांबलं होतं. तुम्ही तर काचेआडून बघत होतात ना?"

"समितीपुढे तो विषय नाही," अधीक्षक घाईनं म्हणाले.

गप्प्यानं शल्यविशारदांकडे पाहिलं, अधीक्षकांकडे पाहिलं, मग रिकामी खुर्ची ओढून तो बसला.

"विचारलं नाही कुणी," तो म्हणाला. "सगळे बटणाचंच विचारत होते." आणि त्यानं दहा बावन्नपासून सांगायला सुरुवात केली. शल्यविशारदांनी दोनदा त्याला थांबवलं. तो थांबला नाही. मुलीनं दंडावरची टाचण्यांची गादी सोडून टेबलावर ठेवली आणि त्याचं बोलणं लिहून घेऊ लागली.

*

प्रयोगशाळेत परतल्यावर बाईंनी यादी काढली. त्या प्रमाणपत्रावर ड्राइव्ह घेतलेल्या संस्था एकेचाळीस होत्या. ताईचे चार फोन येऊन गेले होते. पाचवा बाईंनी वाजून संपू दिला. ताईला काय सांगायचं ते भाऊजींनी ठरवलं असेल. नेहमीप्रमाणे कडा जुळवून.

मग त्यांनी यादीतला पहिला क्रमांक फिरवला. दृष्टिहीनांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करणारी संस्था होती. व्यवस्थापिकेचा आवाज खणखणीत, आनंदी.

"अहो, तुमचंच नाव निघालं होतं आत्ता. आजच आणखी तीस मागवल्या. आमचे विश्वस्त म्हणत होते दुसऱ्या कंपनीच्या स्वस्त आहेत, मी म्हटलं छे, यांच्यावर तपासनीसबाईंची सही आहे. भांडून घेतल्या."

बाईंनी यादीची घडी घातली.

"खोकी फोडू नका," त्या म्हणाल्या. "मी येतेय."